फर्माइशीतलं तिसरं नाव

मी कुणाला भीत न्हाई. जे असंल ते तोंडावर बोलणारी बाई हाय मी. आमच्या भीमनगरात कुणालाबी विचारा, गिरिजाबाईचं तोंड कसं हाय म्हणून. परतूरच्या मोंढ्यात उत्तमचंद शेठच्या आडतीवर मी बावीस वर्षं धान्य चाळून राह्यले. आम्ही पाच-सहा बाया रांगेनं बसायचो अन् चाळणी हलवता हलवता साऱ्या जगाचा निकाल लावायचो. कुणाच्या सुनेचा पदर डोक्यावरून खाली आला, कुणाचा पोरगा बायकूच्या मागंमागं फिरतो, कुणी पिक्चरमधल्या बाईवाणी ब्लाऊज शिवला, समद्यांवर आमचं मत तयार असायचं. माझं मत तर समद्यांच्या आधी.

"आजकालच्या पोरींना नवरा म्हणजे पिक्चरमधला हिरो वाटतो," मी म्हणायचे. "गाणं म्हणत झाडाभोवती फिरला पाहिजे. सासू म्हणजे मधातली कटकट. हिरोला माय असती का कव्हा? असली तरी खाटंवर खोकत पडलेली."

बाया हसून हसून चाळणी खाली ठेवायच्या. मला लई बरं वाटायचं.

आता बोलणारी मीच हाय तर खरं तेच बोलते. कुणाला पटो न पटो.

माझा देवानंद चार वर्षांचा व्हता तव्हा त्याचा बाप गेला. दुसरं घर करायला मला दोघा-तिघांनी सांगितलं, मी केलं न्हाई. चाळणीवर पोरगा मोठा केला, मॅट्रिक केला. मंग तो जालन्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली लागला अन् दोन वर्षांत स्वतः फिटर झाला. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचा, सोमवारी सकाळी जायचा. आला की आधी माझ्या पाया पडायचा, मंग हातपाय धुवायचा. साऱ्या गल्लीला ठाऊक व्हतं, देवानंद आईच्या शब्दाबाहेर न्हाई. मी ते सांगायचेबी. दिवसातून चारदा सांगायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या साली त्याचं लगीन केलं. पोरगी केदारखेड्याची, कौसल्या. सातवी शिकलेली, अंगानं सडपातळ, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोपुढं पांढऱ्या साडीत उभी राह्यली तव्हा आमची शेजारीण सगुणाबाई माझ्या कानात म्हणली, "गिरजे, गाय आणलीस गं घरात." लगीन लागल्यावर बायांनी दारात अडवून तिला नाव घ्यायला लावलं. आम्ही देव सोडले, उपास सोडले, पर नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई ही रीत काही सुटली न्हाई. घ्यायचं तर उखाण्यात, तेबी चारचौघींनी हट्ट केला तरच. कौसल्येनं उखाण्याच्या दोन ओळी म्हणल्या अन् नावाच्या जागी असा काही आवाज काढला की सगुणाबाई म्हणली, "हे नाव घेतलं का गिळलं?" त्यावर मीबी हसले.

दोन महिने गेले. एका इतवारी जेवताना देवानंद म्हणला, "आई, जालन्यात खोली पाहिली. हिला नेतो म्हणतो. खानावळीचं जेवण सोसंना."

मला हे येणार ठाऊकच व्हतं. आठ दिवसांआधीच शेठाणी भंवरीबाईनं मला आडतीवर बसवून समजावलं व्हतं. म्हणली, "गिरिजाबाई, बहूला गाडीत बसवली की पोरगा गेला समज. बिलकुल पाठवू नको. पोरगा शनिवारी कशासाठी येतो? बहू हितं हाय म्हणून." मला पटलं. मोठ्या घरची बाई, चार माणसं वागवलेली, चुकीचं कशाला सांगंल? पुढच्या साली तिनंच स्वतःच्या सुनेला पोराबरोबर औरंगाबादला धाडलं, वर पोत्यानं गहू-डाळ दिली. ते मी बघितलं, पर तव्हा माझ्या घरातलं व्हऊन गेल्तं.

"अन् मी?" मी देवानंदला विचारलं. "मी काय करू हितं? भिंतीसंग बोलू?"

"तू बी चल ना."

"मोंढा सोडून? तुझ्या बापाचं घर सोडून? तुमच्या दोघांच्या मधात एका कोपऱ्यात बसून तुमची थेरं बघू? त्यापरीस मला मोंढ्यातल्या हिरीत ढकल अन् मंग जा."

त्यानं मान खाली घातली. चुलीपुढं कौसल्या भाकर थापत व्हती. तिचा हात थांबला. इतका वेळ थांबला की तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला.

"बरं," देवानंद म्हणला. "तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवशी मी हे आडतीवर सांगितलं. बाया म्हणल्या, असा पोरगा आजकाल मिळत न्हाई. मी म्हणले, वळण लागतं त्याला.

आमचं घर म्हणजे एक खोली अन् बाहेर ओटा. मला दमा, ओट्यावर झोपणं जमत न्हाई. तवा मी आत, दाराजवळ. कौसल्या चुलीकडच्या कोपऱ्यात. देवानंद आला की त्याचं अंथरूण ओट्यावर. नव्या नवरा-बायकूला असं ठेवू नये हे मला कळत न्हवतं का? कळत व्हतं. सगुणाबाईनं एक-दोनदा म्हणलंबी, "गिरजे, शनिवारी माझ्याकडं झोपायला येत जा गं." मी म्हणले, तुझ्या घरातले ढेकूण मला सोसत न्हाईत.

दिवसा बोलावं म्हणलं तर आईसमोर बायकूशी बोलायची आमच्यात पद्धत न्हाई. पत्र यायचं तर माझ्या नावानं. मला वाचता येत न्हाई, पत्र वाचून दाखवायची ती कौसल्याच. 'आईस जयभीम. मी खुशाल आहे. तुझ्या दम्याचं औषध घेत जा. धान्याची धूळ नाकात जाऊ देऊ नको, फडकं बांध.' सारं माझंच. शेवटी 'घरी सर्वांना जयभीम.' कौसल्या वाचता वाचता 'सर्वांना' पाशी आली की जरा थांबायची. मंग पत्राची घडी घालून फळीवर ठेवायची. घरात माझ्याशिवाय तीच एक व्हती. ते 'सर्व' म्हणजे ती.

मंग त्याला बोनस मिळाला अन् त्यानं रेडिओ आणला. चामड्याच्या कव्हरातला, खांद्याला अडकवायचा, सेलवर चालणारा. भीमनगरातला दुसराच रेडिओ. मी तो ओट्यावर उंच कोनाड्यात ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. बुधवारी मोंढा बंद असायचा. दुपारी दोनला फर्माइशीच्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा अन् गल्लीतल्या बाया आपापली निवडण-टिपण घेऊन आमच्या ओट्यावर जमायच्या. गाण्यापरीस आम्हाला नावंच जास्ती आवडायची. कुठल्या कुठल्या गावाहून, कुणाकुणाची. "ही शोभा अन् हा सुरेश कोण असतील गं? नवरा-बायकू का तसलंच काही?" मंग त्यावर आमची मतं. गाणं कव्हा संपलं कळायचंबी न्हाई.

अशाच एका बुधवारी तो रेडिओतला माणूस नावं वाचून राह्यला व्हता. बीडहून कुणी, नांदेडहून कुणी. मंग म्हणला, "जालन्याहून देवानंद आणि कौसल्या."

"अगं बया!" सगुणाबाईनं सूप आपटलं. "गिरजे, तुझ्या देवानंदचं नाव!"

कौसल्या उंबऱ्यापाशी तूर निवडत व्हती. तिचे हात ताटात तसेच राह्यले. मान वर केली न्हाई, पर कान लाल झाले. बाया तिला कोपरानं ढोसायला लागल्या, "काय गं, काय निरोप धाडला दाजींनी गाण्यातून?" प्रेमाचंच गाणं व्हतं, अन् काय असणार. ते संपंपर्यंत ती तशीच बसली. मंग उठून आत गेली अन् पाणी पिऊन आली. मी तिचं तोंड पाह्यलं. दीड वरीस माझ्या घरात व्हती, तसं तोंड मी पाह्यलं न्हवतं.

माझं डोकं फिरलं. साऱ्या मुलखात बायकूचं नाव! जे आम्ही ओठांत धरून जिंदगी काढली, ते ह्यानं हवेत सोडून दिलं. अन् खरं बोलते म्हणलं ना? राग त्याचा न्हवता. राग ह्याचा व्हता, की दोनच नावं व्हती.

शनिवारी तो आला. पाया पडायला वाकला तसं मी पाय मागं घेतला.

"लाज न्हाई वाटली?"

"रेडिओवर समदेच देतात, आई. एक कार्ड टाकायचं फक्त."

"समदे देतात मंग आईचं काहून न्हाई दिलं? नऊ महिने हिनं वागवलं का तुला?"

तो हसला. गरीब हसणं व्हतं त्याचं, बापावाणी. म्हणला, "चुकलं. पुढच्या टायमाला तुझंबी टाकतो."

"बी न्हाई. पहिलं टाकायचं. आईचं नाव पहिलं, मंग बाकीची."

"बरं. तू म्हणशील तसं."

महिनाभरानं आलं. "जालन्याहून गिरिजाबाई, देवानंद आणि कौसल्या." काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या. हयातीत मला कुणी 'गिरिजाबाई' असं सुधं, थांबून, शिकलेल्या आवाजात म्हणलं न्हवतं. मोंढ्यात मी गिरजी, शेठाणीच्या तोंडी तेवढी गिरिजाबाई, तेबी काम असलं तर. दुसऱ्या दिवशी मी आडतीवर सांगितलं. शेठलाबी सांगितलं. उत्तमचंद शेठ म्हणले, "वा! तुम्ही तर मशहूर झाल्या." मी दिवसभर हवेत व्हते.

तेव्हापासून महिना-दीड महिन्यानं एकदा आमची नावं यायची. कधी कार्ड लागायचं, कधी न्हाई. कौसल्या दर बुधवारी दोनच्या आधी भांडी घासून, वेणी घालून, उंबऱ्यापाशी बसायची. माझं नाव आलं की मी बायांकडं बघायचे. तिचं नाव शेवटी यायचं, तिसरं. ते आलं की ती पुन्हा निवडायला लागायची, इतकंच. तिला तेवढं पुरायचं. नवऱ्यानं दिवसाउजेडी, चारचौघांत, सासूदेखत तिला हाक मारलेली ती एकच. मला तेबी डाचायचं. एकदा सेल संपले तर मी दोन महिने नवे आणू दिले न्हाईत. म्हणले, फुकटचा खर्चा कशाला.

लग्नाला तिसरं वरीस लागलं तव्हा एक दिवस ती माझ्यापुढं येऊन बसली. मी दम्यावरचा काढा पीत व्हते.

"आत्याबाई," ती म्हणली, "मला जालन्याला धाडा. चार महिने तरी. माझा संसार सुरू व्हऊ द्या."

"संसार? मंग हे काय हाय? धर्मशाळा?"

"तसं न्हाई."

"पिक्चरची गाणी ऐकून डोकं फिरलं तुझं. नवरा बाजूला पाहिजे, फिरायला पाहिजे, सासू नको. पोर न्हाई, बाळ न्हाई, अन् म्हणे संसार."

तिनं माझ्याकडं सरळ पाह्यलं. "पोर कसं व्हईल, आत्याबाई?"

हळूच म्हणली, नेहमीसारखं. पर ह्यावेळी दोनदा विचारावं लागलं न्हाई. मी ओरडले. इतकी ओरडले की सगुणाबाई भिंतीवरून डोकावली. दुसऱ्या दिवशी हेबी मी आडतीवर सांगितलं, माझ्या बाजूनं. बाया म्हणल्या, सुना लई चढल्यात आजकाल. मला पुन्हा बरं वाटलं. चार बायांनी मान हलवली की आपण बराबर असं मला वाटायचं.

त्याच्या पुढं देवानंदचं येणं कमी व्हत गेलं. आधी म्हणला ओव्हरटाइम हाय. मंग म्हणला मशीन बिघडली. महिन्यातून एकदा यायला लागला, तेबी इतवारी सकाळी येऊन संध्याकाळी परत. आला की बेलबॉटम अन् कानावर आलेले केस. मी म्हणले, शहराची हवा. रेडिओवर नावंबी येईनात. पाच-सहा महिने झाले असतील. कौसल्या बुधवारी वेणी घालून बसायचीच. तीन वाजले की उठायची. मी तिच्याकडं बघायचे अन् मनात म्हणायचे, बरं झालं, जाहिरात थांबली एकदाची.

एके दिवशी गल्लीतला भुजंग आला. तो जालन्याला हमाली करायचा. दारातच घुटमळला. "मावशी, तुमच्या कानावर घालायचं व्हतं. देवानंद तिथं एका बाईसंग राहून राह्यला. उषा म्हणून हाय, दवाखान्यात आया. खोली केली दोघांनी."

माझ्या पायाखालची जमीन गेली. पर तोंड? तोंड माझंच.

"भुजंग्या, आधी तुझ्या बायकूकडं बघ. माझ्या पोरावर जळता तुम्ही समदे. पुन्हा हे तोंडातून काढलंस तर जीभ हातात देईन."

तो गेला. मी वळले तर कौसल्या डोक्यावर हंडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी. किती लांब व्हती, ऐकू गेलं का न्हाई, काही कळंना. तिनं हंडा उतरवला, पाणी रांजणात ओतलं, दुसऱ्या खेपेला गेली. मी मनाला समजावलं, तिनं ऐकलं न्हाई. आणखी समजावलं, पुरुषाची जात, चार दिवस फिरंल अन् आईकडं येईल. आईकडं येईल असंच म्हणले मी. बायकूकडं असं माझ्या मनातबी आलं न्हाई. जालन्याची गाडी धरून मी जाऊ शकत व्हते. दीड-दोन तासांची वाट. कौसल्येला संग घेऊन त्या खोलीच्या दारात उभी राह्यले असते तर देवानंदनं मान खाली घातली असती. मला माझा पोरगा ठाऊक हाय. पर मी गेले न्हाई, कारण गेले असते तर कौसल्येला तिथंच ठेवून यावं लागलं असतं.

मंग तो बुधवार. चैत्र संपत आल्ता, ऊन कडक. ओट्यावर सात-आठ बाया व्हत्या. सगुणाबाई कुरडयांचा चीक घोटायचा कसा ते सांगत व्हती अन् मी तिच्या चुका काढत व्हते. तेवढ्यात रेडिओतला माणूस म्हणला, "जालन्याहून गिरिजाबाई..."

"थांबा थांबा!" मी उडाले जागची. "गप बसा गं समद्या! माझं नाव!" हात वर करून मी आवाज मोठा केला. पार टोकाला नेला. पलीकडच्या गल्लीतबी गेला असंल.

"...देवानंद आणि उषा."

गाणं सुरू झालं. सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला. एकीला एकदम चुलीवरचं दूध आठवलं, दुसरीला पोराची साळा. बघता बघता ओटा रिकामा झाला. गाणं आपलं चालूच, मोठ्यानं.

कौसल्या उठली. कोनाड्याशी गेली अन् रेडिओ बंद केला.

"आत्याबाई," ती म्हणली, "तुमचं नाव हाय त्यात."

"मला ठाऊक न्हवतं, कौसे. बुद्धाची शपथ. माझ्या पोराची शपथ."

"पहिलं नाव तुमचं हाय."

"अगं, त्यानं आपल्याच मनानं टाकलं असंल! मी सांगते ना, मला काही ठाऊक न्हवतं!" मी छाती पिटायला लागले. साऱ्या गल्लीनं ऐकावं म्हणून ओरडून सांगायला लागले. दारं समदी उघडी व्हती, पर एकबी बाई बाहेर आली न्हाई. समद्यांना वाटलं गिरजीनंच पोराचं दुसरं जमवलं, पोर व्हईना म्हणून. न वाटायला काय झालं? ओट्यावर बसून असलीच मतं तर मी तीन वर्षं देत व्हते.

कौसल्येनं मला बोलू दिलं. मी दमून खाली बसले तव्हा तिनं विचारलं, "भुजंगदाजी सांगायला आल्ते तव्हा तुम्ही काय केलं?"

दम्यानं माझी छाती वाजत व्हती. तिनं काढा गरम करून दिला. त्या दिवशीबी दिला.

शनिवारपर्यंत ती थांबली. स्वैपाक केला, पाणी भरलं, माझी लुगडी धुतली. तिची ट्रंक दाराशी आणून ठेवलेली व्हती. तीन दिवस मी येता-जाता त्या ट्रंकेला ठेचकाळले. मी भुजंगसंग निरोप धाडला व्हता, तवा देवानंद आला. पाया पडला. मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. पंचवीस वर्षांचा घोडा, गुमान उभा राह्यला.

"अरे, काळ्या तोंडाच्या, त्या बाईच्या नावासंग माझं नाव काहून टाकलंस? मला साऱ्या गावात नागवी केलीस!"

तो माझ्याकडं बघतच राह्यला. त्याला खरंच कळंना, चुकलं कुठं. "कार्ड तिनं लिहिलं," तो म्हणला. "मी तिला सांगितलं, आईचं नाव पहिलं टाक, न्हाईतर आई रागावती. तूच म्हणली व्हतीस ना, आई? आईचं पहिलं, मंग बाकीची."

मंग म्हणला, "हिला नेतो म्हणलं तव्हा तू न्हाई म्हणलीस. मी तुझं ऐकलं."

बाकीची. कौसल्येनं ते ऐकलं. काही विचारायचं म्हणून ती थांबली असंल, तर आता विचारायचं काही उरलं न्हवतं. तिनं ट्रंक उचलली. मी तिचा हात धरला, "पोरी, जाऊ नको, मी त्या बाईला हाकलून लावते, मी स्वतः तुला जालन्याला सोडते," असं काय काय बोलले. तीन वर्षांआधी बोलायचं ते.

तिनं माझा हात सोडवला. "आत्याबाई, पत्र आलं तर वाचायला दुसरं कुणी बघा."

देवानंद दारात उभा व्हता, वाट अडवून. ती त्याच्यापुढं गेली.

"देवानंद," ती म्हणली, "बाजूला सर."

उखाणा न्हाई, लाजणं न्हाई. शेजारच्या पोराला म्हणावं तसं. अन् तो सरला. बसस्टँडपर्यंत ती एकटी गेली, ट्रंक डोक्यावर घेऊन. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत व्हत्या. सगुणाबाई तेवढी तिच्यामागं चार पावलं गेली अन् परत आली.

आता केदारखेड्याला ती बालवाडीत शिकवती म्हणतात. दोनदा माणूस धाडला, आली न्हाई. मी स्वतः गेले न्हाई. कुठल्या तोंडानं जाऊ? तोंड म्हणून जे माझ्यापाशी व्हतं ते मी आधीच वापरून बसले.

देवानंद त्यानंतर चारदा आला. उषा एकदाबी आली न्हाई. तिचं मत असं, की नवरा-बायकूच्या मधात कुणी नको. तिनं हे निरोपात सांगून धाडलं, बिलकुल सुधं, न लाजता. तिच्यावर रागवावं म्हणलं तर मला तिच्यात मीच दिसते. तीबी तोंडावर बोलणारी बाई हाय. पत्र आलं तर सगुणाबाईच्या पोरीकडून वाचून घेते. ती भराभर वाचती, थांबत कुठंच न्हाई. ह्या साली दोनच पत्रं आली.

मोंढ्यात मी अजून जाते. चाळणी हलवते. नव्या बाया आल्यात, त्या बोलतात, कुणाची सून कशी, कुणाचा पोरगा कसा. मला विचारतात, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणते, धूळ लई हाय, तोंडाला फडकं बांधा.

रेडिओ कोनाड्यात हाय. कव्हर फाटलं. बुधवारी लावते, सवय म्हणून. ओट्यावर आता दोघी-तिघीच येतात. मागच्या बुधवारी मी ज्वारी निवडत बसले व्हते. रेडिओत आता बाई नावं वाचती. ती म्हणली, "जालन्याहून देवानंद, उषा आणि बेबीनंदा."

मी पहिलं नाव निसटलं का म्हणून कान दिला. निसटलं न्हवतं. तीनच नावं व्हती.

सगुणाबाईचे हात थांबले. तिनं माझ्याकडं पाह्यलं. "गिरजे, बेबीनंदा? अगं, नात झाली का काय तुला? सांगितलं न्हाईस ते!"

"व्हय तर," मी म्हणले. "मला ठाऊक व्हतं."

सगुणाबाईनं लगेच मानलं. ठाऊक न्हवतं म्हणून छाती पिटली तव्हा कुणी मानलं न्हवतं, ह्यावेळी एका शब्दात मानलं.

"कोणावर गेलीय गं?"

"देवानंदवर," मी म्हणले. "त्याच्या बापाचं नाक हाय."

"अन् कव्हा जाणार बघायला?"

"जाईन की," मी म्हणले. "मोंढा बंद असला की जाईन."

बुधवारच व्हता तो. मोंढा बंदच व्हता. सगुणाबाईनं माझ्या ताटातली ज्वारी आपल्या सुपात ओढून घेतली अन् आम्ही दोघी निवडत बसलो.